आय ते एन : एका न पाठवलेल्या प्रस्तावाची गोष्ट

१९८४ च्या पावसाळ्यात मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत साहाय्यक म्हणून नवीनच लागले होते. कोकणातल्या एका खाडीत भरतीबरोबर समुद्राचे खारे पाणी किती आत शिरते, याचे गणित संगणकावर मांडण्याचे काम माझ्याकडे होते. खाडीच्या दोन्ही काठांना खार जमिनी होत्या. बांध कुठे घालायचा, हे काही अंशी आमच्या आकड्यांवरून ठरणार होते. मूळ प्रोग्राम आमच्या सरांचा, १९७४ सालचा, फॉरट्रान भाषेतला. त्यात पाण्याचा एकच थर धरलेला होता. मी त्याचे दोन थर केले आणि चार महिने खपून तक्ते तयार केले.

सरांनी तक्ता पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अगं, खारं पाणी जड असतं ना? मग तळाशी आणि वर मीठ सारखंच कसं दिसतंय?"

चूक सापडायला दोन दिवस गेले. वरच्या आणि खालच्या पाण्याच्या घनतेतल्या फरकाला मी 'डीआरएचओ' हे नाव दिले होते. एका ओळीत माझ्या हातून 'डीआरओएच' पडले होते, दोन अक्षरांची अदलाबदल. दुसरी एखादी भाषा तिथेच अडली असती. फॉरट्रान अडत नाही. अनोळखी नाव दिसले की ती 'हा कोण' असे विचारत नाही, त्याला घरात घेते आणि जागा करून देते. आमच्या यंत्रावर त्या जागेत शून्य होते. त्यामुळे खारे पाणी ज्या जोराने तळाशी आत घुसते, तो जोरच माझ्या हिशेबातून नाहीसा झाला होता. आकडे चुकीचे होते, पण वेडेवाकडे नव्हते. म्हणूनच चार महिने मला शंका आली नाही. अहवाल अजून बाहेर गेला नव्हता, एवढेच नशीब.

त्या रात्री मला पहिल्यांदा वाटले की ही भाषा बदलायला हवी. प्रत्येक नाव आधी जाहीर करणे सक्तीचे हवे. पुढे पंचवीसेक वर्षांनी मी तसा प्रस्ताव लिहायलाही बसले. तो मी पाठवला नाही. का, ते सांगायचे तर ही सवय भाषेला कुठून लागली, तिथून सुरुवात करावी लागेल.

१९५३ च्या अखेरीस आयबीएम कंपनीतल्या जॉन बॅकस यांनी वरिष्ठांपुढे एक कल्पना मांडली. त्या काळी प्रोग्राम यंत्राच्या सांकेतिक आज्ञांत लिहावा लागे, आणि तो लिहिण्यात व दुरुस्त करण्यात जाणारा खर्च यंत्राच्या खर्चाइतकाच होई. शास्त्रज्ञाने सूत्र सूत्रासारखे लिहावे आणि यंत्राने त्याच्या आज्ञा स्वतः तयार कराव्यात, अशी ती कल्पना होती. आयबीएम ७०४ या नव्या यंत्रासाठी छोटा गट कामाला लागला. त्यात आयर्व्हिंग झिलर, हार्लन हेरिक, रॉय नट, लोइस हेट अशी मंडळी होती. नोव्हेंबर १९५४ मध्ये भाषेचा पहिला आराखडा निघाला. प्रत्यक्ष कंपायलर, म्हणजे सूत्रांचे आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्राम, ग्राहकांच्या हाती पडायला एप्रिल १९५७ उजाडला.

बॅकस यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले आहे की भाषेची रचना हे त्यांना अवघड काम वाटलेच नव्हते. भाषा ते जाता जाता रचत गेले. सगळा जीव लागला होता तो कंपायलरमध्ये, कारण हाताने लिहिलेल्या प्रोग्रामइतका वेगवान प्रोग्राम यंत्र तयार करू शकेल, यावर बाहेर कोणाचाच विश्वास नव्हता. त्यामुळे भाषेत अनेक गोष्टी त्या एका यंत्राच्या मापाने आल्या. नाव सहा अक्षरांपर्यंतच, कारण ७०४ च्या एका शब्दात सहाच अक्षरे मावत. ओळ बहात्तर रकान्यांची, कारण यंत्र कार्डाचे तेवढेच रकाने वाचत असे.

आणि आय ते एन. गणितात पदांचे क्रमांक आय, जे, के, एन अशा अक्षरांनी दाखवण्याची जुनी रीत आहे. तीच उचलून गटाने ठरवले की आय, जे, के, एल, एम, एन यांपैकी एखाद्या अक्षराने सुरू होणारे नाव पूर्णांकाचे, बाकी सर्व नावे दशांश अपूर्णांकांची. म्हणजे जाहीर करायलाच नको. नावाचे पहिले अक्षर हीच जात. कार्ड वाचत होते आणि वेळही वाचत होता. इंग्रजीत अशा अपूर्णांकी संख्येला 'रिअल' म्हणतात, म्हणून प्रोग्रामरांत पुढे एक विनोद रूढ झाला: देव 'रिअल' आहे, त्याला पूर्णांक म्हणून जाहीर केले नसेल तर. कारण इंग्रजी जी हे अक्षर आय ते एनच्या बाहेर येते. माझा 'डीआरओएच'ही याच नियमाने 'रिअल' झाला होता.

ही भाषा आपल्याकडे लवकर आली. १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हे यंत्र बसले आणि १९६४ मध्ये मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६००. व्ही. राजारामन यांनी कानपुरात शिकवता शिकवता लिहिलेल्या पुस्तकांतून देशभरातली मुले फॉरट्रान शिकली. आमच्या सरांच्या टेबलावरही त्यांतले एक असे, पाठपुठ्ठा निघालेले. सर कार्डांचा खोका घेऊन सकाळच्या डेक्कन क्वीनने मुंबईला जात. गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर त्यांनी पेन्सिलीने एक तिरपी रेघ ओढलेली असे. कार्डे हातून सांडली, तर ती रेघ जुळवली की क्रम पुन्हा लागे.

अशा हजारो खोक्यांत जगभर फॉरट्रान साठत गेली आणि इथेच तिची मालकी बदलली. एका कंपनीच्या एका यंत्रासाठी केलेली भाषा दुसऱ्या कंपन्यांनी आपापल्या यंत्रांवर आणली, प्रत्येकीने थोडी वेगळी. मग १९६६ मध्ये अमेरिकेत तिचे प्रमाण ठरवण्यात आले. एखाद्या प्रोग्रामिंग भाषेचे औपचारिक प्रमाण ठरण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर भाषेत काही नवे हवे असेल, तर ते समितीकडे मागावे लागू लागले.

मागणाऱ्यांची कमी नव्हती. 'असे असेल तर हे कर, नाही तर ते कर' हे सरळ वाक्य १९६६ च्या फॉरट्रानमध्ये नीट लिहिता येत नसे. आकड्यांचे लेबल लावून उड्या माराव्या लागत. लोक कंटाळून भाषेवर आपापले थर चढवू लागले. ब्रायन कर्निगन यांच्या रॅटफॉरमध्ये प्रोग्राम नीटनेटका लिहायचा आणि त्यातून साधी फॉरट्रान काढून घ्यायची. लोक बाहेरून पळवाट काढतात तेव्हा ती भाषेपुढची मागणीच असते. फॉरट्रान ७७ मध्ये 'नाही तर' आले. नावे जाहीर करण्याची सक्ती मात्र आली नाही. अमेरिकी संरक्षण खात्याने १९७८ मध्ये स्वतःच्या कामासाठी काही भर ठरवली, तिच्यात 'इम्प्लिसिट नन' ही आज्ञा होती. ती प्रोग्रामच्या सुरुवातीला लिहिली की आय ते एनचा नियम बंद. हे मला १९८४ मध्ये माहीत नव्हते, आणि आमच्या यंत्रावरच्या कंपायलरला तर ती आज्ञा समजतच नव्हती.

पुढच्या आवृत्तीला 'फॉरट्रान ८एक्स' असे नाव पडले, कारण ती ऐंशीच्या दशकात निघणार हे सर्वांनी गृहीत धरले होते. अमेरिकी समितीने तिच्यात बरेच काही घातले: संपूर्ण कोष्टकांवर एका ओळीत गणित, स्वतःचे प्रकार तयार करण्याची सोय, प्रोग्रामचे भाग बंदिस्त ठेवणारी मॉड्यूल, कार्डाच्या रकान्यांतून सुटका. शिवाय एक यादी जोडली, पुढेमागे भाषेतून काढून टाकण्याजोग्या जुन्या सोयींची. १९८७ मध्ये मसुदा लोकांपुढे ठेवला, तेव्हा पत्रांचा पाऊस पडला. कंपायलर करणाऱ्या काही मोठ्या कंपन्यांना भाषा अवाढव्य होत आहे असे वाटले. अनेक वापरणाऱ्यांना त्या जुन्या सोयींच्या यादीने धडकी भरली, कारण यादीतल्या सोयींवरच त्यांची सारी मिळकत उभी होती. दुसऱ्या बाजूला, विशेषतः अमेरिकेबाहेरच्या देशांतून, हे नवे आता आले नाही तर फॉरट्रान संपली, असे सांगणारेही होते. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय गट पॅरिसला भरला आणि त्याने आपल्याला काय हवे ते ठामपणे मांडले. त्यानंतर गाडी हलली. फॉरट्रान ९० हे प्रमाण प्रत्यक्ष छापून आले १९९१ मध्ये. अमेरिकेने ते स्वीकारले १९९२ मध्ये, आणि तेही १९७७ चे जुने प्रमाण शेजारी जिवंत ठेवून.

या भांडणाचा निकाल एका वाक्यात सांगता येतो: नवे जवळजवळ सगळे आले, जुने काहीही गेले नाही. फॉरट्रान ९० मध्ये वगळलेल्या गोष्टींची यादी आहे आणि ती रिकामी आहे. 'इम्प्लिसिट नन'ला प्रमाणात जागा मिळाली, पण ऐच्छिक म्हणून. जो लिहील त्याच्यापुरती ती लागू. न लिहिणाऱ्याला आय ते एन.

तेव्हा मला हा शुद्ध भित्रेपणा वाटला. आजही त्यात भित्रेपणा अजिबात नव्हता असे मी म्हणणार नाही. तेरा-चौदा वर्षे एक भाषा जागच्या जागी राहिली, आणि तेवढ्या काळात तरुण मंडळी सी आणि सी++ कडे निघून गेली. प्रत्येक 'नाही' शहाणपणाचा नसतो.

२०१० मध्ये फॉरट्रान २००८ चे प्रमाण छापून आले, त्याच्या पुढच्या वर्षी मी प्रस्ताव लिहायला घेतला. मागणी एकच: यापुढे 'इम्प्लिसिट नन' न लिहिताच लागू असावे, ज्याला आय ते एन हवे, त्याने तसे लिहावे. अशी मागणी माझ्याआधी अनेकांनी केली होती. पण माझ्याजवळ खाडीची गोष्ट होती.

असा प्रस्ताव कसा असतो, हे वाङ्मयाच्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. सुरुवातीला फक्त गरज मांडायची: कोणाचे काय अडते. ती पटली तर सोय नेमकी काय करील, याचे वर्णन. मग ती लिहायची कशी, कोणता शब्द, कोणते चिन्ह. आणि शेवटी दुरुस्त्या: प्रमाणाच्या ग्रंथात अमुक पानावर, अमुक ओळीत, या शब्दाच्या जागी हा शब्द घाला. भाषेतला मोठ्यातला मोठा बदल शेवटी मुद्रितशोधनासारख्या टिपणात उतरतो. एक शब्द सैल पडला, तर दोन कंपायलर त्याचे दोन अर्थ लावतात आणि एकच प्रोग्राम दोन यंत्रांवर दोन उत्तरे देतो.

शिवाय एका प्रश्नाचे उत्तर कोणालाच चुकत नाही: अस्तित्वात असलेल्या प्रोग्रामांचे काय होईल? मी लिहिले, 'किरकोळ त्रास'. मग वाटले, तपासून लिहावे. सर दोन वर्षांपूर्वी वारले होते. त्यांचा १९७४ चा प्रोग्राम निवृत्तीच्या वेळी त्यांनी माझ्याकडे दिला होता आणि मी तो केव्हाच फाइलमध्ये उतरवून घेतला होता. कंपायलरमध्ये आय ते एन बंद करण्याचा खटका असतो. तो दाबून सरांचा प्रोग्राम चालवला. तीनशेच्या वर चुका पडद्यावर आल्या. मी मागत होते तो नियम लागू झाला असता, तर हा प्रोग्राम त्या दिवशी बंद पडला असता.

खटका काढला आणि पुन्हा चालवला. प्रोग्राम चालला. सदतीस वर्षांपूर्वी कुलाब्याला छापलेला, पिवळा पडलेला कागद शेजारी ठेवून मी आकडे जुळवले. पहिले तीन अंक सगळीकडे जुळत होते.

मग त्या तीनशे नावांत सरांची एखादी चूक सापडते का, म्हणून मी एकेक नाव तपासत बसले. एकही सापडली नाही. प्रोग्रामच्या सुरुवातीला शेरा म्हणून टाकलेल्या साठ-सत्तर ओळी होत्या. यंत्र त्या वाचत नाही, त्या माणसासाठी असतात. त्यांत सरांनी प्रत्येक नाव, त्याचा अर्थ आणि एकक ओळीने लिहिले होते. भाषेने सक्ती केली नव्हती. त्यांनी स्वतःवर केली होती. १९८४ मध्ये मी त्याच प्रोग्राममध्ये नवी नावे घातली, तेव्हा त्या यादीत भर घालायचे माझ्या मनातही आले नव्हते.

मी प्रस्ताव बाजूला ठेवला. मला झालेला त्रास खरा होता आणि मागितलेला उपायही वाजवी होता. पण त्याची किंमत मी मोजणार नव्हते. ती पडणार होती हयात नसलेल्या माणसांच्या लिखाणावर आणि ते लिखाण हाताळायला घाबरणाऱ्या त्यांच्या वारसांवर. हवामानाची, अणुभट्ट्यांची, धरणांची किती तरी गणिते अशा प्रोग्रामांवर चालतात, ज्यांचा लेखक आता चौकशीला हजर नाही. नवी सोय मागणारा माणूस सभेत बोलू शकतो. जुना प्रोग्राम बोलू शकत नाही.

याचा अर्थ नवे मागूच नये असा नाही. रॉबर्ट न्यूमरिक आणि जॉन रीड यांनी १९९८ मध्ये मांडलेली कोअ‍ॅरेची कल्पना पाहा. एकाच वेळी अनेक यंत्रांवर चालणाऱ्या प्रोग्रामने दुसऱ्या यंत्रातला आकडा कसा मागावा? त्यांनी नावापुढे चौकोनी कंसात त्या यंत्राचा क्रमांक लिहायला सांगितले. जुन्या प्रोग्रामच्या केसालाही धक्का लागला नाही. तरी त्यावर दहा वर्षे वाद झाला, आणि मग २००८ च्या प्रमाणात ती आली. उलट 'फॉरऑल' घ्या. समांतर गणितासाठी केलेल्या हाय परफॉर्मन्स फॉरट्रानमधून ते १९९५ च्या आवृत्तीत घाईने आले. त्याचा नियमच असा होता की कंपायलरला सगळी उत्तरे आधी बाजूला साठवून मग जागेवर ठेवावी लागत. वेगासाठी आणलेली सोय अनेकदा साध्या आवर्तनापेक्षा संथ निघाली. २०१८ च्या प्रमाणाने तिच्यावर 'कालबाह्य' असा शिक्का मारला. तरी ती काढता येत नाही, कारण मधल्या वीस वर्षांत कोणी तरी ती वापरली आहे. चुकीची सोयही एकदा दिली की कोणाची तरी होऊन जाते.

मराठीपुरते सांगायचे तर हा प्रश्न आपल्याला परका नाही. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आले, अनुच्चारित अनुस्वार गेले. त्या नियमांत एक कलम आहे: केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य यांतील उतारे मुळाप्रमाणेच छापावेत. शाळेत हे कलम पाठ केले होते, अर्थ कळला नव्हता. बदल करणाऱ्यांनी आपला नियम मागे कुठपर्यंत पोचणार नाही, तेही लिहून ठेवले होते. पण त्याच कलमाने चिपळूणकरांनंतरचे सगळे नव्या नियमात ओढलेही. माणूस अनुस्वाराशिवाय वाचून घेतो. यंत्र घेत नाही. म्हणून फॉरट्रानला अशी रेघ ओढणे अजून जमलेले नाही.

२०२३ च्या ताज्या प्रमाणातही आय ते एन शाबूत आहे. त्यामुळे उद्या एखाद्या मुलीच्या हातून दोन अक्षरे उलटतील आणि तिला कोणी थांबवणार नाही, हेही तितकेच खरे. तिच्या तक्त्याकडे पाहून 'खारं पाणी जड असतं ना' असे विचारणारे सर तिला मिळतीलच असे नाही. या प्रश्नावर माझ्याजवळ उत्तर नाही. कोणाला शिकवते तेव्हा पहिल्या ओळीत 'इम्प्लिसिट नन' लिहायला लावते, आणि त्याखाली सरांसारखी नावांची यादी.

प्रस्तावाचे कागद सरांच्या कार्डांच्या खोक्यात ठेवले आहेत. आणि त्यांच्या प्रोग्रामच्या यादीत, शेवटच्या नावाखाली, मी एक ओळ घातली आहे: डीआरएचओ, दोन थरांच्या घनतेतला फरक, किलोग्रॅम प्रति घनमीटर.